पाटाच्या कडेने

ओकायामाच्या कोराकुएन बागेत पहिल्यांदा जाणारा माणूस जरा बिचकतो. जपानी बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेवाळलेले दगड, एखादा दगडी दिवा, वाकवलेला पाइन, छोटासा लाकडी पूल आणि या सगळ्यावर दाटलेली सावली असं काहीतरी असतं. इथे दार ओलांडून चार पावलं पुढे गेलं की लख्ख उजेड लागतो. लांबरुंद हिरवळ, वर भरपूर आभाळ, मध्ये तळं आणि नदीच्या पलीकडे काळ्याभोर भिंतींचा किल्ला. बाग सुमारे 13 हेक्टरांची, म्हणजे आपल्या हिशोबात 33 एकरांच्या आसपास. एवढ्या पसाऱ्यात नेमकं काय बघायचं, कुठून सुरुवात करायची, हे कळत नाही.

मग हळूहळू त्या हिरवळीतून वळणं घेत गेलेला एक पाट दिसायला लागतो. कुठे तो दोन ढांगांत ओलांडता येतो, कुठे पसरट होऊन गवताच्या कडेला टेकतो. मध्येच तळ्यात शिरतो, मध्येच एका घराच्या पोटातून आरपार जातो. सगळी मिळून त्याची लांबी सुमारे 640 मीटर. एकदा तो नजरेत आला की बाग सुटी सुटी राहत नाही. टेकडी का तिथे आहे, पूल का तिथे आहे, भाताची खाचरं याच कोपऱ्यात का आहेत, याची उत्तरं एकामागून एक मिळू लागतात.

हे पुस्तक त्या पाटाच्या कडेने लिहिलेलं आहे. जपानमधल्या मोठ्या निसर्गबागांकडे पाण्याच्या वाटेने बघावं, असा माझा आग्रह आहे. पाणी कुठून आणलं, कोणी आणलं, कोणत्या कामासाठी आणलं आणि मग त्यातलं थोडं बागेत कसं वळवलं, एवढं विचारत गेलं की या बागा उलगडतात. जपानी बागांविषयी जे वाचायला मिळतं त्यात ध्यान, शांती आणि झेन यांचा भर फार असतो. त्यात खोटं काही नाही. क्योतोच्या मठांमधल्या बागांना ते लागूही पडतं. पण सरदारांच्या बागांपुढे उभं राहिल्यावर तेवढ्यावर भागत नाही. त्या जमिनीचा, शेतीचा आणि नदीचा अंदाज असलेल्या माणसांनी केलेल्या बागा आहेत.

कोराकुएनची गोष्ट आसाही नदीपासून सुरू होते. सोळाव्या शतकाच्या शेवटी उकिता हिदेइए या सरदाराने ओकायामाचा किल्ला बांधला; मुख्य बुरूज 1597 मध्ये उभा राहिला. किल्ल्याला खंदक हवा म्हणून त्याने नदीचं पात्रच वळवून किल्ल्याच्या पायथ्याशी आणलं. संरक्षणाची सोय झाली, पण मुरडलेली नदी पावसाळ्यात शहरात घुसू लागली. 1654 चा पूर फार मोठा होता. तोवर ओकायामा इकेदा घराण्याकडे आलं होतं. त्यांच्या पदरी कुमाझावा बानझान नावाचा विद्वान होता. त्याने सुचवलं की शहराच्या वरच्या अंगाला नदीकाठी सांडवा ठेवावा, पूर ठराविक उंचीच्या वर गेला की जास्तीचं पाणी त्यावरून बाजूच्या प्रवाहात जावं आणि शहराला वळसा घालून परस्पर समुद्राला मिळावं. कल्पना त्याची, पण काम तडीस नेलं त्सुदा नागातादा या अधिकाऱ्याने, 1686-87 च्या सुमारास. तो प्रवाह म्हणजे ह्याक्केन नदी. ती आजही पुराचं पाणी वाहून नेते.

त्याच 1687 साली इकेदा त्सुनामासा या सरदाराने किल्ल्याच्या मागे, नदीपलीकडच्या वाळवंटावर बाग करायची ठरवली आणि काम त्याच नागातादाकडे सोपवलं. पुराचा बंदोबस्त झाल्याशिवाय नदीपात्रातल्या त्या सपाट जागेवर कोणी शहाणा माणूस बाग काढणार नाही, हे उघड आहे. 1700 पर्यंत बागेला मुख्य आकार आला. मधल्या काळात, 1692 मध्ये, नागातादाने समुद्र मागे हटवून हजारो एकर शेतजमीन काढली. डोंगरात रयतेच्या मुलांसाठी उघडलेली शिझुतानी शाळा त्याच्याच देखरेखीखाली उभी राहिली. तिचं 1701 चं सभागृह आज जपानचा राष्ट्रीय ठेवा मानलं जातं. पाटबंधारे, भराव, शाळा आणि बाग ही सगळी एकाच माणसाच्या हातची कामं आहेत. मला या बागेविषयी जी ओढ वाटते तिचं मूळ इथे आहे. जमिनीचा उतार ओळखणारा, मातीचा भरवसा किती धरावा हे जाणणारा माणूस सौंदर्याच्या कामाला लागला की काय करतो, हे तिथे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

नागातादाने नदीच्या वरच्या अंगाने पाट काढून पाणी बागेत आणलं. आज पात्राच्या खालून झिरपणारं पाणी पंपाने उपसून त्याच पाटात सोडतात. वाट जुनीच आहे. बागेच्या एका कोपऱ्यात भाताची खाचरं आहेत आणि जवळच चहाचा मळा. आज जिथे हिरवळ आहे त्यातल्या बऱ्याच जागेत पूर्वी शेतंच होती. सरदार आपल्या बैठकीत बसून तळं बघायचा तशी पेरणी आणि कापणीही बघायचा. खाचरांत आजही जूनमध्ये भातलावणी होते आणि मळ्यात मे महिन्यात चहा खुडतात. ही शेती बागेच्या मूळ आराखड्यातच आहे. तिच्याकडे पाठ करून फक्त तळ्याचे फोटो काढून परतणाऱ्याची अर्धी बाग राहून जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी खेळवण्याचं शास्त्र जपानमध्ये त्याच्याही फार आधीचं आहे. ‘साकुतेइकी’ हा बागकामावरचा अकराव्या शतकातला ग्रंथ त्याची साक्ष देतो. ताचिबाना नो तोशित्सुना या दरबारी माणसाचा तो मानला जातो. पाट काढताना उतार किती ठेवावा, तर शंभराला तीन, असा त्यात स्पष्ट हिशोब आहे. त्याहून जास्त ठेवला तर पाणी धावत सुटतं, कमी ठेवला तर साचतं. कोरडी जमीन बघून उतार कळत नसेल तर बांबू उभा चिरून त्याच्या पन्हळी जमिनीवर मांडाव्यात, त्यांतून पाणी सोडून बघावं आणि मगच घर आणि पाट यांची जागा पक्की करावी, हेही त्यात सांगितलं आहे. पाणी पूर्वेकडून यावं, घराखालून जावं आणि नैऋत्येला बाहेर पडावं ही त्या काळची शुभ दिशा. दगड मांडताना आधी एक मुख्य दगड रोवावा आणि त्या दगडाला काय हवंय ते ओळखून बाकीचे ठेवावेत, हा त्या ग्रंथातला सल्ला जगभर गाजला. बांबूच्या पन्हळी मात्र फारशा कोणाला ठाऊक नसतात. मला दोन्ही सल्ले एकाच जातीचे वाटतात. हातात असलेली वस्तू आधी पारखावी आणि मग आपली इच्छा पुढे करावी, असं दोन्हींत आहे.

कोराकुएनमधलं ज्या घराच्या पोटातून पाट जातो ते रियूतेन. चारी बाजूंनी मोकळं, खालच्या मजल्याला भिंतीच नाहीत. नुसते खांब आणि मध्ये पाणी. पाटाच्या दोन्ही अंगांना लाकडी तक्तपोशी आहे, तिच्या काठावर बसायचं. पाण्यात वेगवेगळ्या रंगांचे सहा दगड बसवले आहेत. मी तिथे बसले तेव्हा उन्हं तिरपी झाली होती आणि पाण्यावरची थरथर छताच्या आतल्या फळ्यांवर उमटत होती. सहा दगड मधोमध, एका रेषेत ठेवलेले नाहीत. पहिल्यापाशी पाणी दुभंगतं, दुसऱ्याच्या अंगावरून घसरतं, पुढच्या दोघांच्या फटीतून जाताना जरा आवाज करतं आणि शेवटच्या दगडामागे पुन्हा सावरतं. दगड पाण्याच्या वर जेमतेम डोकावतात. बोटभर जरी अधिक उंच असते तर पाणी उसळलं असतं, बोटभर खाली असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. पाट काढणाऱ्याचं कसब अशा बोटभर अंतरात असतं. रियूतेनमध्ये सरदार विसाव्याला येई. आज कोणीही पायताण काढून तिथे टेकू शकतं आणि माझ्या मते बागेत सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा.

हे घर बघताना आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. 29 जून 1945 च्या पहाटे ओकायामावर बाँब पडले. किल्ल्याचा बुरूज जळाला. बागेतली एन्योतेई ही मुख्य हवेलीही जळाली. रियूतेन वाचलं. म्हणजे आपण टेकतो ती वास्तू त्या पहाटेतून तगून राहिलेल्या थोड्यांपैकी आहे. किल्ल्याचा आजचा बुरूज 1966 चा आहे आणि एन्योतेई 1960 ची.

बाँबहल्ल्याच्या आधी अकरा वर्षं, सप्टेंबर 1934 मध्ये, मुरोतो वादळात आसाही नदीने बाग बुडवली होती. एका पिढीत पाणी आणि आग दोन्ही झेलून ही बाग परत उभी राहिली ती कागदपत्रांच्या जोरावर. इकेदा घराण्याच्या दप्तरात बागेचे जुने नकाशे होते, चित्रं होती, बागेतल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदवह्या होत्या. कुठली वास्तू कुठे होती, कुठे शेत होतं आणि कुठे गवत, हे त्यांत सापडत होतं. हे दप्तर पुढे ओकायामा विद्यापीठाकडे गेलं आणि अभ्यासकांना खुलं झालं. आपल्याकडे पेशवे दप्तराच्या रुमालांत डोकं घालून बसलेल्या माणसांना या कामाचं मोल सांगायला नको. बागेला 300 हून अधिक वर्षं झाली असं आपण म्हणतो तेव्हा त्यातली झाडं बहुतेक नवी असतात, बऱ्याच इमारती नव्या असतात, गवत तर दरवर्षी फेब्रुवारीत जाळून नव्याने येतं. जुना असतो तो आराखडा, उतार आणि ते पुन्हा तसंच करायचं हा निश्चय.

क्रौंचांची गोष्टही अशीच. कोराकुएनमध्ये डोक्यावर लाल टिळा असलेले पांढरे क्रौंच सरदारांच्या वेळेपासून पाळलेले होते. युद्धाच्या काळात तेही संपले. चीनचे लेखक आणि इतिहासकार क्वो मोरुओ तरुणपणी ओकायामात शिकायला होते. युद्धानंतर ते शहरात परत आले तेव्हा बागेत क्रौंच नव्हते. 1956 मध्ये त्यांनी चीनहून दोन क्रौंच भेट म्हणून पाठवले. दोन्ही देशांमध्ये नीट राजनैतिक संबंधही नव्हते तेव्हाची ही गोष्ट. बागेत आज पिंजऱ्याशी उभं राहून क्रौंच बघताना हे माहीत असलेलं बरं.

पाटाच्या बाजूने चालत राहिलं की युइशिन टेकडी लागते. जेमतेम 6 मीटर उंचीची ही टेकडी त्सुनामासाच्या मुलाने, त्सुगुमासाने घातली. त्याआधी बाग बरीचशी सपाट होती आणि मुख्यतः हवेलीत बसूनच बघायची होती. टेकडी आल्यावर चालण्याला अर्थ आला. वर चढेपर्यंत तळं अर्धं झाकलेलं राहतं, वळणावर थोडं दिसतं, परत झुडपांआड जातं आणि माथ्यावर एकदम सगळं समोर उघडतं. तळ्यातली बेटं, हवेली, पलीकडे किल्ला, मागे डोंगर. लपवायचं आणि दाखवायचं हा सरदारांच्या फिरत्या बागांचा मुख्य डाव आहे आणि तो पायवाटेतून खेळला जातो. टप्प्याटप्प्याने टाकलेले दगड असले की चालताना खाली बघावंच लागतं. एखादा दगड मुद्दाम मोठा, पाऊल जुळवून उभं राहता येईल असा असतो. तिथे मान आपोआप वर होते आणि नेमकं तिथूनच काहीतरी दिसायचं ठेवलेलं असतं. चहाघरांच्या वाटांवर कधी एखाद्या दगडावर नारळाएवढा गोटा ठेवलेला दिसतो, काळ्या सुंभाने चौफुल्यासारखा बांधलेला. तो असला की ती वाट बंद. पाटी नाही, साखळी नाही. एवढा गोटा पुरतो. आपली मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवावं, कारण तो गोटा उचलून बघण्याचा मोह मोठा असतो.

आणि मोठे दगड? बागेतली एक प्रचंड शिळा मुळात नव्वदहून जास्त तुकड्यांत फोडून आणलेली आहे आणि इथे जागेवर पुन्हा जशीच्या तशी जोडलेली. जवळ गेलं की सांधे दिसतात. अखंड शिळा आणणं शक्य नव्हतं आणि तिच्यावाचून चालणारही नव्हतं, तर नागातादाच्या माणसांनी हा मार्ग काढला. फोडणाऱ्यांनी प्रत्येक तुकड्याची जागा कशी ध्यानात ठेवली असेल याचा मी तिथे उभी राहून बराच वेळ विचार केला.

आता ओकायामाच्या बाहेर जाऊ. पाणी आधी आणि बाग नंतर ही गोष्ट एकट्या कोराकुएनची नाही, याची खात्री पटावी म्हणून या पुस्तकात आणखी बागा घेतल्या आहेत.

सेतो समुद्राच्या पलीकडे ताकामात्सुला रित्सुरिन आहे. तो भाग पावसाला पारखा; शेती जगते ती हजारो साठवण तलावांवर. सतराव्या शतकात निशिजिमा हाचिबेई या माणसाने तिथला सगळ्यात मोठा मान्नो तलाव 1631 मध्ये पुन्हा बांधून काढला आणि ताकामात्सुजवळ वाहणाऱ्या कोतो नदीचं एक पात्र बंद करून पूर आवरला. कोरड्या पडलेल्या त्या पात्राखाली पाणी वाहतच राहिलं. रित्सुरिनची तळी त्या झऱ्यांवर भरली. बागेला शंभराहून अधिक वर्षं लागली, 1745 मध्ये ती पुरी झाली असं मानतात. हजाराहून अधिक पाइनची झाडं तिथे हाताने छाटून राखलेली आहेत आणि मागचा शिउन डोंगर बागेचाच भाग असल्यासारखा उभा आहे. कोणती बाग सर्वांत देखणी, असं मला कोणी विचारलं तर मी रित्सुरिनचं नाव घेईन. जपानच्या नावाजलेल्या तीन बागांत तिची गणना होत नाही, पण त्या तिघींची यादी मनात धरून हिंडू नये.

कानाझावाची केनरोकुएन त्या तिघींपैकी एक. 1631 मध्ये कानाझावा शहराला आग लागली, किल्लाही होरपळला. पुढच्याच वर्षी इताया हेइशिरो या माणसाने साइ नदीपासून सुमारे 11 किलोमीटरचा तात्सुमि कालवा काढून पाणी शहरात आणलं. किल्ला उंचावर, मध्ये खोल खंदक. तर पाणी नळांतून खाली उतरवून सायफनच्या जोरावर पलीकडे चढवलं. तो कालवा आजही केनरोकुएनच्या तळ्याला पाणी पुरवतो. बागेत एक कारंजं आहे, पंपाशिवाय सुमारे साडेतीन मीटर उडतं. वरच्या तळ्याच्या पातळीचा आणि या नळाच्या तोंडाचा फरक, एवढंच त्याचं इंजिन. पर्यटक बहुतेक दोन पायांच्या दगडी दिव्यापाशी गर्दी करतात. ठीक आहे, दिवा सुंदर आहे. पण कारंज्यापाशी पाच मिनिटं थांबून त्या कालव्याची आठवण काढावी, असं मला मनापासून वाटतं.

तिसरं उदाहरण अलीकडचं. क्योतोमध्ये 1890 साली बिवा सरोवराचा कालवा पुरा झाला. वाहतूक, सिंचन आणि वीज यांसाठी तो होता. राजधानी तोक्योला गेल्यावर खचलेल्या शहराला त्याने उभारी दिली. नानझेनजी मठाच्या परिसरात ओगावा जिहेई या बागकाराने त्या कालव्याचं पाणी घेऊन एकामागून एक बागा केल्या. यामागाता आरितोमो या राजकारणी पुरुषासाठी केलेली मुरिनआन त्यांतली एक. तिथे खळखळणारा ओढा आहे, मोकळं कुरण आहे आणि मागे हिगाशियामाची डोंगररांग. वीज निर्माण करणाऱ्या कालव्याच्या पाण्याने असा रानातला ओढा करता येतो, हे बघून मन भरून येतं.

मग ज्या बागांत पाण्याचा थेंब नाही त्यांचं काय, असं वाचक विचारेल. र्‍योआनजी या क्योतोतल्या मठाच्या आयताकृती अंगणात पांढरी खडी आणि 15 दगड आहेत, आणि कुठल्याही एका जागी बसून ते सगळे एकदम दिसत नाहीत. ही बाग बसून बघायची. आत पाऊल टाकायचं नसतं. खडीवर दंताळ्याने ओढलेल्या रेघा दगडाभोवती गोल फिरतात आणि इतरत्र सरळ जातात. ज्यांनी शतकानुशतकं पाणी दगडापाशी कसं वागतं ते बघितलं होतं त्यांनाच त्या रेघा सुचू शकल्या. या बागेविषयी जगात इतकं लिहिलं गेलं आहे की मी त्यात भर घालणार नाही. पुस्तकात तिला छोटंसं प्रकरण दिलं आहे.

शिगेमोरी मिरेई यांना मात्र मोठी जागा दिली आहे. 1896 मध्ये ओकायामा प्रांतातल्या एका खेड्यात ते जन्मले. चित्रकला शिकले, बागकाम स्वतःच्या हिमतीवर. मुरोतो वादळाने, म्हणजे ज्याने कोराकुएन बुडवली त्याच वादळाने, क्योतोतल्याही अनेक बागांची नासधूस केली. त्या बागांची मोजणी केलेले आराखडेच नाहीत, मग दुरुस्ती कशाच्या आधाराने करणार, हे त्यांना जाणवलं. ते देशभर हिंडले, शेकडो बागा मोजल्या, त्यांचे नकाशे काढले आणि 26 खंडांत ते छापले. हे काम संपता संपता, 1939 मध्ये, त्यांनी क्योतोच्या तोफुकुजी मठात स्वतःची बाग केली. मठाची अट होती की जुनं काही वाया जाऊ नये. तर त्यांनी उखडलेल्या चौकोनी फरश्या शेवाळात बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडल्या आणि जुन्या बांधकामातले सात गोल खांब खडीत सप्तर्षींच्या आकारात उभे केले. जुन्याचा एवढा बारीक अभ्यास केलेल्या माणसानेच इतकं नवं करावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एवढं सगळं कोणाच्या जिवावर उभं आहे ते सांगायला हवं. कोणत्याही मोठ्या जपानी बागेत सकाळी लवकर गेलं तर माळी भेटतात. शरद सरत आला की पाइनवर चढून ते जुन्या सुया बोटांनी उपटतात. कात्री वापरत नाहीत, कारण कापलेल्या सुईचं टोक लाल पडतं. फांदीच्या शेंड्याला ठराविक सुया राखायच्या, बाकीच्या काढायच्या, म्हणजे ऊन खालच्या फांदीपर्यंत पोचतं. एका झाडाला एका माणसाचा दिवस सहज जातो, मोठ्या झाडाला कितीतरी जास्त. वसंतात उलट काम. मेणबत्तीसारखे वर आलेले कोंब अर्ध्यावर खुडायचे. मी बघितलेला माळी शिडीवर उभा होता आणि खाली ताडपत्रीवर सुयांचा पिवळसर थर साचला होता. एक फांदी झाली की तो खाली उतरे, दहा पावलं मागे जाई, वाटसरू जिथून बघणार त्या जागेवरून फांदीकडे बघे आणि परत वर चढे. झाड ‘नैसर्गिक’ दिसतं ते या चढण्या-उतरण्यामुळे.

मराठी वाचकाचं या बागांशी एक खरंखुरं नातं आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. 10 एकरांची ही बाग कोराकुएनवरून बेतलेली आहे आणि पुणे-ओकायामा मैत्रीची खूण म्हणून केलेली आहे. ‘पूर्वरंग’मधून जपान मराठी घरांत आणणाऱ्या लेखकाचं नाव तिला मिळालं हे उचितच झालं. पुणेकर तिथे सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जातात, मासे बघतात, पुलावर फोटो काढतात. या पुस्तकाच्या वाचकाने एकदा तिथे जाऊन पाण्याचा माग काढावा. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा या बागेच्या जवळूनच जातो, आणि पर्वतीची टेकडी हाकेच्या अंतरावर आहे. कालवा, टेकडी आणि बाग असं एकत्र बघायची सवय घरच्या घरी लागली तर ओकायामाला गेल्यावर डोळे तयार असतील.

प्रवासाचं थोडं. आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक चेरीचा मोसम गाठायच्या खटपटीत असतात. तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपत येतो आणि आपल्या शाळांच्या परीक्षा तेव्हा सुरू असतात. त्याची रुखरुख लावून घेऊ नये. मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर कोवळ्या पानांचा हिरवा रंग मिळतो आणि कोराकुएनमध्ये चहाची खुडणी. मेच्या पहिल्या आठवड्यात जपानला सलग सुट्ट्या असतात, तेवढे दिवस टाळावेत. जून पावसाळी असतो. छत्री घेऊन फिरायची तयारी असेल तर तो सर्वांत उत्तम, कारण पाटाकाठची आयरिस तेव्हा फुललेली असते, शेवाळं भिजलेली असतात आणि गर्दी कमी असते. ओकायामाला शिनकानसेन थांबते. तिथून सेतो समुद्रावरचा, 1988 मध्ये खुला झालेला पूल ओलांडून ताकामात्सुला रेल्वेने तासाभरात पोचता येतं. कोराकुएन आणि रित्सुरिन म्हणूनच लागोपाठच्या दोन दिवसांत बघाव्यात, एका दिवसात दोन्ही कोंबू नयेत.

पुस्तकातली प्रकरणं याच वाटेने लावली आहेत. आधी ओकायामा, मग ताकामात्सु, मग क्योतो आणि शेवटी कानाझावा. पहिलं प्रकरण सगळ्यात मोठं आहे. बाकीची वाचकाने आपल्या प्रवासाप्रमाणे मागेपुढे करायला हरकत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला बागेचा साधा आराखडा दिला आहे. त्यात पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर पडतं एवढं ठळक दाखवलं आहे. दारावर मिळणाऱ्या रंगीत नकाशात या दोन जागा सहसा नसतात, त्यामुळे आत गेल्यावर आधी त्या शोधाव्यात आणि मग हवं तिकडे वळावं.